न घडलेल्या अपघातांचा हिशेब

ज्या वर्षी घराला गळती लागत नाही, त्या वर्षी कौले परतणाऱ्या गड्याची आठवण कोणाला होत नाही. गळती लागली, की मात्र त्याचा सात पिढ्यांसह उद्धार होतो. मनुष्यस्वभावाची ही तऱ्हा जुनीच आहे. आजार बरा करणाऱ्या वैद्याला आपण आनंदाने दक्षिणा देतो. परंतु आजार होऊच नये म्हणून पथ्य सांगणारा माणूस आपल्याला कटकट्या वाटतो. जे घडले, त्याचे मोल आपल्याला कळते. जे घडू दिले गेले नाही, त्याची नोंद आपल्या मनाच्या वहीत होत नाही. या गोष्टीचा थोडा खोलात जाऊन विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर एका अर्जामुळे आला. तो अर्ज रेल्वेविषयीचा होता.

मी पेडणे तालुक्यातील एका सरकारी विद्यालयात मुख्याध्यापक आहे. मराठी घेऊन एम. ए. झालेला मनुष्य गावात असला, की लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून सरकारदरबारच्या निवेदनापर्यंत सर्व लेखनकामाठी आपसूक त्याच्याकडे येते. २०२३ सालच्या मे महिन्यात आमच्या भागातील काही प्रवासी मंडळी अशीच माझ्याकडे आली. त्यांची तक्रार कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकाविषयी होती. दरवर्षी १० जूनला हे वेळापत्रक सुरू होई, ते ३१ ऑक्टोबरला संपे. या काळात गाड्या मंद गतीने धावतात, मुंबईचा प्रवास लांबतो, मुलेबाळे चतुर्थीला घरी वेळेवर पोचत नाहीत. मंडळींचे म्हणणे असे, की गेल्या एकोणीस वर्षांत दरड कोसळून मोठी जीवितहानी झालेली नाही. मग हा बागुलबुवा कशासाठी? गाड्या बारमाही एकाच वेगाने धावाव्यात आणि रात्रंदिवस गस्तीवर होणारा 'अनावश्यक खर्च' कमी करून तो पैसा प्रवाशांच्या सोयींकडे वळवावा, अशी मागणी त्यांना करावयाची होती.

मागणी करणारे कोणी उपटसुंभ नव्हते. त्यांत माझे शेजारी होते, एक सेवानिवृत्त शिक्षक होते, मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलांचे आईबाप होते. त्यांचा त्रास खरा होता. मी त्यांना म्हटले, ''मसुदा अवश्य करून देतो. पण ज्या विधानावर अर्ज उभा करावयाचा, ते विधान आधी तपासून घेऊ. मला पंधरा दिवस द्या.'' त्या पंधरा दिवसांत मी जे वाचले, पाहिले आणि विचारले, त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहे. आपल्या मासिकाचे वाचक गोव्यात, कारवारात, बेळगावात विखुरलेले आहेत आणि मुंबई-पुण्याच्या नातलगांकडे जाताना या ना त्या घाटातून त्यांची गाडी जातेच; तेव्हा विषय परका वाटू नये.

आमच्या बालपणी मुंबईला जावयाचे म्हणजे बोट, नाहीतर रात्रभराची बस. त्यामुळे कोकण रेल्वे हे आमच्या पिढीला पडलेले एक मोठे स्वप्न होते. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम धडाक्याने चालले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग पूर्णपणे खुला झाला. ९१ बोगदे आणि लहानमोठे दोन हजारांच्या घरातील पूल, एवढा या मार्गाचा पसारा. आमच्या पेडण्याचा बोगदा तर अगदी शेवटपर्यंत अडून बसला होता. मऊ माती पुनःपुन्हा ढासळे आणि केलेले काम वाया जाई. सह्याद्रीच्या पायथ्याची ही भूमी दिसते तितकी भरवशाची नाही, हे तिने त्याच वेळी सांगून ठेवले होते.

पुढे २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधील दरड रुळांवर आली आणि कारवारहून मुंबईकडे निघालेली सुटीची विशेष गाडी तिच्यावर आदळली. पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. वर्ष उलटते न उलटते तोच, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात आंबोली पुलाजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा तसाच घात झाला. दोन्ही वेळी महिना जूनच होता, आणि दोन्ही वेळी घाव वरून, डोंगराकडून आला होता. रुळांत किंवा इंजिनात त्याचे मूळ नव्हते.

असे का होते, हे समजण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. आपल्याकडे विहीर खणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, की वर जांभा लागतो आणि त्याच्या खाली बहुधा पांढरट-पिवळट चिकणमातीचा थर असतो. जांभा सच्छिद्र, तो पाणी पिऊन घेतो. खालची चिकणमाती ते पाणी सहजी पुढे जाऊ देत नाही. मृगाच्या पहिल्या सरींनी कोरडी माती भिजते, तिचे वजन वाढते, कणाकणांत शिरलेले पाणी त्यांची परस्परांवरील पकड सैल करते. जेथे रेल्वेसाठी डोंगर उभा कापलेला असतो, तेथे या मातीला टेकावयास पुढे काही उरत नाही. मातीत रुतून बसलेले धोंडे खालची माती वाहून गेली, की आधार सुटून गडगडतात. म्हणजे या संकटाचा उगम पाण्यात आहे. आणि म्हणूनच त्याचा उपायही बव्हंशी पाण्याला योग्य वाट करून देण्यात आहे.

त्या दोन अपघातांनंतर जे काम हाती घेण्यात आले, ते याच तत्त्वावर. उभ्या कटिंगचा उतार मंद करणे, त्याला पायऱ्या पाडणे, रुळांलगतची जागा रुंद करणे, म्हणजे धोंडा आलाच तर तो रुळांवर न येता बाजूस पडेल. डोंगरमाथ्यावर चर खणून पावसाचे पाणी उतारावर येण्याआधीच वळविणे. सुट्या धोंड्यांवर पोलादी जाळ्या अंथरणे, मातीत लोखंडी सळया खोल ठोकून तिला आतून शिवून टाकणे, काही ठिकाणी उतारावर सिमेंटचा थर फवारणे. खोल मुळांचे वाळ्याचे गवत लावणे. जो वाळा आपण उन्हाळ्यात माठात टाकतो, तोच येथे डोंगर धरून ठेवण्याच्या कामी लावला आहे! याशिवाय पर्जन्यमापके बसली; पनवलचा उंच पूल, मांडवी, जुवारी आणि शरावती यांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आली; काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांना पुराची सूचना देणारी यंत्रणा जोडली गेली. जोराच्या पावसात पुढचे नीट दिसेनासे झाले, तर गाडी ताशी ४० किलोमीटरांच्या आत चालवावी, असा चालकांना दंडक घालण्यात आला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसे. पावसाळ्यात या मार्गावर सहाशेहून अधिक कर्मचारी गस्त घालतात. नाजूक जागी तर चोवीस तास पहारा असतो.

या माणसांपैकी एक माझा माजी विद्यार्थी आहे. व्याकरणात तो यथातथाच होता, परंतु त्याचे निरीक्षण विलक्षण. मी त्याला घरी बोलावून विचारले, ''तू रात्रभर करतोस तरी काय?'' तो म्हणाला, ''सर, लोकांना वाटते आम्ही रूळ बघत चालतो. रूळ तर बघतोच. पण पावसात खरे बघायचे असते डोंगराकडे आणि पाण्याकडे. काल जी झर स्वच्छ वाहत होती, ती आज गढूळ झाली, म्हणजे आत माती सुटली. झाड काल सरळ होते, आज कलले, म्हणजे जमीन हलली. आणि जिथे रोज पाणी येते तिथे भर पावसात पाणी आले नाही, तर त्याची भीती जास्त. ते आत कुठेतरी साठत असते.''

रुळांवर दरड दिसलीच, तर काय करावयाचे, हे त्याने मला शाळेतील पाढ्यासारखे म्हणून दाखविले. लाल दिवा दाखवीत गाडी येण्याच्या दिशेने धावायचे, ६०० मीटरांवर रुळाला एक फटाका बांधायचा, आणि पुढे १२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन. चाकाखाली तो फुटला, की चालक गाडी थांबवितो. मुसळधार पावसात, काळोखात, खडीवरून सव्वा किलोमीटर धावणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी. मी विचारले, ''असे किती वेळा धावावे लागले?'' तो हसून म्हणाला, ''एकदाही नाही, सर. गस्तीच्या पुस्तकात माझी रोजची एकच ओळ असते, सर्व ठीक.''

त्याची आई आमच्याच वाड्यावर राहते. पावसाळी रात्री तिचा डोळा लागत नाही. ती मला म्हणाली, ''मास्तर, रात्रीची गाडी गेल्याचा आवाज आला, की मी म्हणते, वाट चांगली आहे आणि पोरगाही धड आहे. मग कूस बदलते.'' अर्ज घेऊन आलेल्या आईबापांची मुले डब्यात झोपलेली असतात आणि या माउलीचा मुलगा डब्याबाहेर पावसात उभा असतो, हा भेद त्या दिवशी माझ्या ध्यानी आला, तो पुन्हा सुटला नाही.

तथापि, भावनेच्या भरात निर्णय करू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. तेव्हा मूळ प्रश्न असा, की ही सारी देखभाल खरोखर उपयोगी पडते, हे सिद्ध कसे करावयाचे? न घडलेला अपघात दाखविता येत नाही. एखाद्या गावकऱ्याने वेशीवर लिंबू बांधावे आणि गावात वाघ आला नाही म्हणून लिंबाला श्रेय द्यावे, तसे तर हे होत नाही ना? याला उत्तर एकच. मार्ग तोच, डोंगर तोच, पाऊसही तोच. मधल्या काळात बदलला तो फक्त बंदोबस्त. पूर्ण मार्ग खुला झाल्यानंतरच्या पहिल्या सात पावसाळ्यांत दोन भीषण अपघात झाले. उपाययोजना वाढत गेल्यानंतरच्या दोन दशकांत, गाड्यांची वर्दळ वाढली असतानाही, दरडीमुळे तसा संहार झाला नाही. लिंबू आणि वाघ यांच्यात कार्यकारणसंबंध नाही. चर, जाळी आणि उतार यांचा दरडीशी आहे, आणि तो कसा आहे हे वर पाहिलेच.

देशभराचे आकडेही हेच सुचवितात. भारतीय रेल्वेच्या अधिकृत नोंदींनुसार गंभीर परिणाम झालेले अपघात २०००-०१ मध्ये ४७३ होते. ते २०१४-१५ मध्ये १३५, २०२३-२४ मध्ये ४०, आणि २०२४-२५ मध्ये ३१ इतके खाली आले. येथेही श्रेयाची वाटणी न्यायाने करावयास हवी. ब्रॉडगेज मार्गांवरील पहारेकरी नसलेली फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत बंद झाली, नव्या बांधणीचे डबे आले. ही घट केवळ देखभालीची नव्हे. परंतु रुळाच्या पोटातील न दिसणारी चीर ध्वनिलहरींनी शोधून तो तुकडा तुटण्याआधीच बदलणे, झिजलेले रूळ नूतन करणे, खडी चाळून घट्ट बसविणे, या कामांचा त्यात मोठा वाटा आहे, हे नाकारता येत नाही. २०१७-१८ मध्ये एक लाख कोटी रुपयांचा राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष योजण्यात आला, तो अशाच कामांसाठी.

मग देखभाल केली, की सर्व संकटे टळतात काय? तसेही नाही. ६ ऑगस्ट २०२० च्या पहाटे आमच्याच पेडणे बोगद्याची भिंत ढासळली आणि कित्येक आठवडे लांब पल्ल्याच्या गाड्या लोंढा-मिरजमार्गे न्याव्या लागल्या. २६ जून २०२१ रोजी रत्नागिरीजवळ करबुडे बोगद्यात रुळावर आलेल्या धोंड्यामुळे राजधानी एक्स्प्रेसचे इंजिन घसरले. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडाले, तेव्हा वाशिष्ठीचे पाणी धोक्याच्या खुणेवर गेल्याने गाड्या ठिकठिकाणी रोखण्यात आल्या आणि सुमारे सहा हजार प्रवासी अडकून पडले. या तिन्ही प्रसंगी लोकांचे हाल झाले, वर्तमानपत्रांनी रेल्वेवर ताशेरे ओढले. पण या प्रसंगांत एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. निसर्गाचा घाव चुकविता आला नाही, तरी तो प्राणांवर न येता वेळेवर आला. चिपळूणच्या त्या दिवशी तर गाडी थांबली, हेच व्यवस्थेचे यश होते. आपण मात्र त्याची नोंद 'खोळंबा' या एका शब्दात करून मोकळे झालो.

दुसरीही एक बाजू आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. देखभाल हाती घेणे आणि ती नीट करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीजवळ उत्कल एक्स्प्रेस घसरली, ती मार्गाची दुरुस्ती चालू असतानाच. दुरुस्तीसाठी वाहतूक रीतसर थांबवून घेतलेली नव्हती. आणि आमचा अर्ज अजून कच्च्या खर्ड्यात असतानाच, २ जून २०२३ रोजी, ओडिशातील बालासोर जिल्ह्यात तीन गाड्यांचा तो भयंकर अपघात होऊन २९० हून अधिक माणसे गेली. फाटकाच्या कामासाठी सिग्नलच्या तारांत केलेल्या फेरफारातील दोष त्याच्या मुळाशी होता, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. औषध चुकीचे दिले, तर तेच विष होते. म्हणून देखभालीला माणसे हवीत, त्यांना शिक्षण हवे, आणि वेळ हवा. गाड्या सतत धावत राहाव्यात आणि दुरुस्तीही व्हावी, या दोन इच्छा एकाच वेळी पूर्ण होत नाहीत. वेळापत्रकातील जी रिकामी जागा आपल्याला आळस वाटते, त्या जागेतच रुळांचे आरोग्य सांभाळले जाते.

पंधरा दिवसांनी मंडळी पुन्हा जमली. मी सर्व माहिती त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, ''एकोणीस वर्षांत अपघात झाला नाही, हे आपले विधान खरे आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. औषधाने ताप उतरला, म्हणून औषधच बंद करा, असे आपण घरात म्हणत नाही.'' त्यावर एका गृहस्थांनी बिनतोड प्रश्न केला, ''मग गाड्या कायमच्या मंदच धावायच्या का?'' प्रश्न योग्य होता. पुष्कळ ऊहापोह होऊन अखेर अर्जात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. ज्या ज्या ठिकाणी डोंगराचे काम पुरे झाले असेल, तेथील निर्बंध तपासणीअंती उठवावेत आणि कोणते काम कोठवर आले, हे दरवर्षी प्रवाशांना कळवावे, ही एक. आणि गस्त कमी करू नये. उलट गस्तीवरच्या माणसांना आडोशाची खोपटी, उत्तम दिवे आणि धड पादत्राणे द्यावीत, ही दुसरी. 'अनावश्यक खर्च' हे शब्द मी खोडले. तीन-चार जणांनी सही करण्यास नकार दिला. त्यांच्याशी आजही माझा जाण्यायेण्याचा संबंध आहे, एवढे समाधान.

त्यानंतरचा पावसाळा जरा बरा गेला; पण जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाण्याचे झरे फुटून वाहतूक ठप्प झाली, आणि १४ जुलैला खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड येऊन जवळजवळ चोवीस तास मार्ग बंद राहिला. याही वेळी माणसे खोळंबली, पण वाचली. २०२५ साली पावसाळी वेळापत्रकाचा काळ आटोपता घेऊन तो १५ जून ते २० ऑक्टोबर असा करण्यात आला. आमच्या अर्जामुळे हे झाले, असे समजण्याइतका मी भोळा नाही. परंतु निर्बंध सैल व्हावयाचे, ते टप्प्याटप्प्याने, पारखून आणि गस्त तशीच ठेवून, हा मार्ग मला पटतो. निर्बंध उठविण्याचे कारण 'काम पूर्ण झाले' हे असावे. 'पुष्कळ दिवसांत काही झाले नाही' हे नसावे. या दोन वाक्यांतील अंतर वरवर शब्दांचे दिसते, परंतु त्याच अंतरात माणसांचे प्राण असतात.

वस्तुतः हे शहाणपण आपल्याला नवे नाही. आमच्या गोव्यात मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी भरतात, तिला 'पुरुमेत' म्हणतात. सुके मासे, मिरच्या, आमसुले, जळण यांची रास लावताना कोणी विचारीत नाही, की गेल्या वर्षी उपाशी राहिलो होतो काय? मातीच्या भिंतींना झावळ्यांचे झाप बांधताना, पन्हळ साफ करताना, शेताची मेर घालताना आपल्या आईबापांनी कधी पुरावा मागितला नाही. घरापुरते जे आपल्याला कळते, ते सार्वजनिक कामात मात्र कळेनासे होते. पडलेली भिंत पुन्हा बांधण्यास पैसा मिळतो, उद्घाटनाचा नारळही फुटतो; उभ्या भिंतीच्या पायातले पाणी काढून देण्यास मात्र कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकावा, हे कोणाला सुचत नाही. तीस वर्षे शाळा खात्यात काढलेल्या माणसाला हे निराळे सांगावयास नको.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की पुढच्या पावसाळ्यात गाडी एखाद्या आडस्थानकावर तासभर उभी राहिली, तर चिडण्यापूर्वी खिडकीतून बाहेर डोंगराकडे एकदा पाहावे. आणि आपल्या गावात, पंचायतीत, शाळेत, जेथे कोठे आपला शब्द चालत असेल तेथे, नव्या बांधकामाच्या मागणीसोबत जुन्याच्या देखभालीची एक ओळ अर्जात अवश्य घालावी. त्या ओळीचे श्रेय आपल्याला मिळणार नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या पुस्तकातील 'सर्व ठीक' या दोन शब्दांचे श्रेय तरी त्याला कोण देतो? तरीसुद्धा तो ते दररोज लिहितो, आणि लिहिण्यापूर्वी सारी वाट स्वतः चालून येतो.